नंबरप्लेटवरचं 'मला आठवतं' : क्युबेकची सही अजून का नाही?

रानवारा

मॉन्ट्रियलला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. पहिली गाडी घेतली तेव्हा नंबरप्लेटवरच्या तीन फ्रेंच शब्दांचा अर्थ मला माझ्या मुलानं सांगितला होता. 'ज म सुव्हियाँ', म्हणजे 'मला आठवतं'. काय आठवतं, ते प्लेटवर लिहिलेलं नाही. १९७८ पर्यंत तिथे 'ला बेल प्रॉव्हँस', सुंदर प्रांत, असं असायचं. क्युबेक हा कॅनडाचा फ्रेंचभाषक प्रांत; तिथल्या तेव्हाच्या सरकारनं ते काढून हे बसवलं.

आज लिहायला बसलो त्याचं कारण सांगतो. गेल्या आठवड्यात टोरोंटोहून पाहुणे आले होते. जेवताना विषय निघाला आणि एक काका म्हणाले, "या फ्रेंच लोकांना कितीही द्या, यांचं रडगाणं संपत नाही." वयानं मोठे, त्यात घरी आलेले, म्हणून मी काही बोललो नाही. पण तेव्हापासून मनात सलतंय. 'द्या' या शब्दातच सगळं भांडण भरलेलं आहे. एक बाजू म्हणते आम्ही दिलं, दुसरी म्हणते ते आमचंच होतं. आणि ज्या कागदावर याचा निवाडा व्हायचा, त्यावर एका बाजूची सहीच नाही.

कॅनडाची १९८२ ची राज्यघटना क्युबेकला पूर्ण लागू आहे. पण क्युबेकच्या एकाही सरकारनं, मग ते फुटीरतावाद्यांचं असो की संघराज्याच्या बाजूचं, तिला आजवर संमती दिलेली नाही.

मागचं थोडक्यात. १७५९ मध्ये क्युबेक शहराबाहेरच्या पठारावर इंग्रजांनी फ्रेंचांना हरवलं, १७६३ च्या पॅरिस तहात हा मुलूख इंग्लंडकडे गेला. १७७४ च्या कायद्यानं कॅथलिक धर्म आणि फ्रेंच दिवाणी कायदा राहू दिला. १८३७-३८ च्या बंडानंतर लंडनहून आलेल्या लॉर्ड डरहॅमनं या लोकांना इतिहास नाही, साहित्य नाही असं अहवालात लिहून ठेवलं आणि त्यांना इंग्रजांत विरघळवून टाकायचा सल्ला दिला. १८६७ मध्ये चार प्रांतांचं संघराज्य झालं. तेव्हापासून या देशाचे दोन अर्थ लावले जातात. फ्रेंच कॅनडात शिकवलं गेलं की हा दोन संस्थापक समाजांमधला करार आहे. इंग्रजी कॅनडात रुजलं की हा प्रांतांचा संघ आहे आणि सगळे प्रांत सारखे. पहिल्या हिशेबात क्युबेक दोनातला एक, दुसऱ्या हिशेबात दहातला एक. पुढची सगळी भांडणं मला या एका हिशेबात बसलेली दिसतात.

आता १९८१ ची ती रात्र. त्याआधी १९८० च्या मे महिन्यात क्युबेकमध्ये सार्वमत झालं होतं. 'सार्वभौमत्व-सहकार्या'ची, म्हणजे वेगळा देश पण कॅनडाशी आर्थिक भागीदारी याची, बोलणी करायला परवानगी द्या, असं मुख्यमंत्री रने लेव्हेक मागत होते. जवळपास ६० टक्के लोक नाही म्हणाले. मतदानाआधी पंतप्रधान पिएर ट्रुडो मॉन्ट्रियलच्या सभेत सांगून गेले होते की तुमचं 'नाही' म्हणजे घटना नव्यानं मांडायचा कौल मी समजेन. क्युबेकच्या लोकांनी त्याचा अर्थ घेतला की आमचं वेगळेपण आता कागदावर येणार.

१९८१ च्या नोव्हेंबरात ओटावाच्या जुन्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीत सगळे मुख्यमंत्री जमले. घटना बदलायचा अधिकार लंडनहून देशात आणायचा आणि तिच्यात हक्कांची सनद घालायची, हा ट्रुडोंचा बेत होता. दहापैकी आठ प्रांत त्याच्या विरोधात एकत्र होते, त्यात क्युबेकही होतं. ४ नोव्हेंबरच्या रात्री लेव्हेक आणि त्यांची माणसं नदीपलीकडे हलला झोपायला गेली. हल क्युबेकमध्ये येतं, पूल ओलांडला की झालं. त्या रात्री केंद्राचे कायदामंत्री झाँ क्रेतियाँ, सस्कॅचेवानचे रॉय रोमानो आणि ओंटारिओचे रॉय मॅकमर्ट्री यांनी ओटावातल्या बैठकीच्याच इमारतीत एका स्वयंपाकघरात बसून तडजोडीचा खर्डा केला. बाकीच्या प्रांतांना फोन गेले. हलच्या हॉटेलात फोन गेला नाही. सकाळी नाश्त्याला लेव्हेक पोचले तेव्हा सगळं ठरलेलं होतं. क्युबेकमध्ये तिला 'लांब सुऱ्यांची रात्र' म्हणतात, इंग्रजी कॅनडात त्याच घटनेला 'किचन अकॉर्ड'. एकाच रात्रीची ही दोन नावं.

१७ एप्रिल १९८२ रोजी ओटावात राणीनं सही केली. त्या दिवशी क्युबेकमध्ये सरकारी झेंडे अर्ध्यावर उतरवले होते.

पंक्तीत न बसवता ताट वाढलं आणि वर "जेवत का नाही" म्हणून विचारलं, तर माणूस काय करील? मला काकांना हे विचारायचं होतं. इथे विचारतोय. तुमची मतं वाचायला आवडतील, विरोधातली तर नक्कीच.

---

अभंगवाचक

रानवारा, लेख मनापासून लिहिला आहे, पण त्या रात्रीची अर्धीच गोष्ट आली. आठ प्रांतांची एकी आधी कुणी मोडली? ४ नोव्हेंबरलाच ट्रुडोंनी भर बैठकीत आव्हान दिलं की हक्कांच्या सनदेवर देशभर सार्वमत घेऊ, आणि लेव्हेक यांनी ते तिथल्या तिथे स्वीकारलं. बाकीच्या सात जणांना सार्वमत अजिबात नको होतं, त्यांना विचारलंही नाही. त्यांच्या दृष्टीनं लेव्हेक त्या दुपारीच बाहेर पडले होते.

दुसरं म्हणजे संमती नेमकी कुणाची मोजायची? १९८० च्या निवडणुकीत क्युबेकच्या ७५ खासदारांपैकी ७४ ट्रुडोंच्या पक्षाचे होते. ट्रुडो स्वतः मॉन्ट्रियलचे, क्रेतियाँ क्युबेकचे. संसदेत क्युबेकच्या प्रतिनिधींनी मोठ्या बहुमतानं या घटनेला मत दिलं. मग 'क्युबेकला वगळून केलं' हे कसं? प्रांताचं सरकार म्हणजेच समाज, हे गृहीत मला पटत नाही.

तिसरं, लेव्हेक यांच्या पक्षाचं ध्येयच देशाबाहेर पडणं होतं. त्यांनी कुठल्या मसुद्यावर सही केली असती?

---

रानवारा

अभंगवाचक, पहिला मुद्दा मान्य. ती चूक लेव्हेक यांचीच होती, मी ती लिहायला हवी होती.

दुसऱ्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. संघराज्य म्हणजे दोन पातळ्यांवरची संमती. १९८१ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं होतं की केंद्र एकट्यानं घटना लंडनहून आणू शकतं, कायदा आडवा येत नाही, पण घटनात्मक प्रथेप्रमाणे प्रांतांची भरीव संमती लागते. ती संमती खासदारांची नव्हे, प्रांतांची. क्युबेकनं नंतर विचारलं की आमच्याशिवाय बदल होत नाही अशी प्रथा होती ना, तर १९८२ च्या डिसेंबरात न्यायालय म्हणालं, अशी प्रथा नव्हती. म्हणजे जो नकाराधिकार आपल्याकडे आहे असं ते पिढ्यान्‌पिढ्या समजत होते, तो कधी नव्हताच असं घटना लागू झाल्यावर आठ महिन्यांनी कळलं.

तिसऱ्याचं उत्तर १९८५ नंतर मिळतं. तेव्हा क्युबेकमध्ये संघराज्य मानणारे रोबेर बुरासा निवडून आले आणि त्यांनी सही करायला पाच अटी ठेवल्या. 'वेगळा समाज' म्हणून घटनेत उल्लेख, घटनाबदलात नकाराधिकार, स्थलांतरितांच्या निवडीत वाटा, केंद्राच्या खर्चावर मर्यादा, सर्वोच्च न्यायालयातल्या तीन न्यायाधीशांची हमी. पंतप्रधान मल्रोनी यांनी १९८७ मध्ये 'मीच लेक' नावाच्या तळ्याकाठी दहाही मुख्यमंत्र्यांना यावर तयार केलं. सगळ्या विधिमंडळांनी तीन वर्षांत मान्यता द्यायची होती. मुदत २३ जून १९९० ला संपली आणि करार बारगळला. २४ जून हा क्युबेकचा राष्ट्रीय सण. त्या वर्षीच्या मिरवणुकीतली निळी-पांढरी गर्दी पाहिलेले आमचे शेजारी अजून ते सांगताना गहिवरतात.

---

देवराई

मीच लेक कुणामुळे बारगळला ते सांगायला हवं, कारण त्यात तिसरा आवाज आहे आणि तो या चर्चेत नेहमी गाळला जातो.

मॅनिटोबाच्या विधानसभेत मुदत गाठायची तर जनसुनावणीचा नियम बाजूला ठेवणं भाग होतं आणि त्याला सगळ्यांचा होकार लागत होता. एलायजा हार्पर हे ओजी-क्री या मूळनिवासी समाजातले एकटे आमदार हातात गरुडाचं पीस घेऊन बसले आणि रोज 'नाही' म्हणत राहिले. त्यांचं क्युबेकशी वैर नव्हतं. दोन संस्थापक समाजांच्या गोष्टीत जे आधीपासून इथे राहत होते ते कुठेच नाहीत, एवढंच त्यांना सांगायचं होतं. मॅनिटोबात मत झालं नाही, मग न्यूफाउंडलंडचे मुख्यमंत्री क्लाइड वेल्स यांनीही मतदान घेतलं नाही.

आणि क्युबेकनं वेगळं व्हावं का यावरच्या १९९५ च्या सार्वमताआधी उत्तर क्युबेकच्या क्री या मूळनिवासी लोकांनी स्वतःचं वेगळं सार्वमत घेतलं होतं. ९६ टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले, आमच्या संमतीशिवाय आम्हाला आणि आमच्या जमिनीला कॅनडातून बाहेर नेऊ नका. रानवारा, पंक्तीचा दाखला तुम्ही दिलात. ज्यांच्या अंगणात ती पंक्त मांडली, त्यांना कुणी पानावर बसा म्हटलं का?

---

रानवारा

देवराई, याला माझ्याकडे उत्तर नाही. खरं आहे.

---

सुमेधा_ओटावा

मी ओटावात २० वर्षं आहे, ओंटारिओच्या बाजूला. धाग्यात क्युबेकबाहेरचे फ्रेंच कुठेच आले नाहीत म्हणून लिहिते. ते सुमारे दहा लाख आहेत. 'यांना दिलं' म्हणणाऱ्या काकांना त्यांची गोष्ट ऐकवा.

मॅनिटोबा १८७० मध्ये संघराज्यात आलं तेव्हा दोन्ही भाषांची हमी होती. १८९० मध्ये तिथल्या विधिमंडळानं कायदा करून फ्रेंच काढून टाकली. ओंटारिओनं १९१२ मध्ये 'नियम १७' आणून पहिल्या दोन यत्तांपुढे फ्रेंच माध्यमातून शिकवायला बंदी घातली. पंधरा वर्षं तो चालला.

मग १९७६ मध्ये विनिपेगच्या सें-बोनिफास भागात झोर्झ फोरेस्त नावाच्या माणसाला गाडी लावल्याबद्दल दंडाची चिठ्ठी मिळाली, फक्त इंग्रजीत. तो ती घेऊन न्यायालयात गेला. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८९ वर्षांपूर्वीचा तो कायदा घटनाबाह्य ठरवला. १९८५ मध्ये आणखी पुढे जाऊन सांगितलं की मॅनिटोबाचे फक्त इंग्रजीत केलेले सगळे कायदे अवैध आहेत, पण प्रांतात कायदाच उरणार नाही म्हणून भाषांतर होईपर्यंत ते तात्पुरते चालू राहतील. एका पार्किंगच्या चिठ्ठीतून!

आमच्या ओटावात १९९७ मध्ये सरकारनं मोंफोर रुग्णालय बंद करायचं ठरवलं. ओंटारिओत फ्रेंचमधून डॉक्टर-नर्स घडवणारी ती जागा. मार्चमध्ये दहा हजार लोक सभेला जमले होते. २००१ मध्ये अपील न्यायालयानं बंदीचा निर्णय रद्द केला. त्याचा आधार घटनेत न लिहिलेलं तत्त्व होतं, अल्पसंख्याकांचं संरक्षण, आणि ते आलं होतं क्युबेकच्या फुटीबद्दलच्या १९९८ च्या निकालातून. क्युबेकला बाहेर पडता येईल का, या प्रश्नाच्या उत्तरानं ओंटारिओतलं फ्रेंच रुग्णालय वाचलं.

म्हणूनच इथल्या फ्रेंच लोकांना क्युबेकच्या फुटीची भीती वाटते. ते गेले तर आम्ही उघडे पडू, असं माझी सहकारी नेहमी म्हणते.

---

मीना_के

मीही मॉन्ट्रियलची. सगळ्यांचं वाचलं. आता जरा आमच्यासारख्यांचं ऐका, जे ना फ्रेंच ना इंग्रज.

माझी मुलगी सात वर्षांची असताना आम्ही पुण्याहून आलो. तिला उत्तम इंग्रजी येत होतं. पण १९७७ च्या 'कायदा १०१' प्रमाणे स्थलांतरितांच्या मुलांना फ्रेंच शाळाच घ्यावी लागते. आईवडिलांपैकी कुणाचं प्राथमिक शिक्षण कॅनडात इंग्रजीतून झालेलं असेल तरच इंग्रजी शाळा. पहिलं वर्ष 'क्लास दाक्युई', स्वागतवर्गात. ती रोज संध्याकाळी रडायची. मला तिच्या बाईंशी बोलता येत नव्हतं. पालकसभेत मी सगळं ऐकून काही न समजता मान हलवत बसायचे. ते वर्ष मी कधी विसरणार नाही.

२०२२ च्या 'कायदा ९६' नंतर नवीन आलेल्यांशी सहा महिन्यांनी सरकारी पत्रव्यवहार फ्रेंचमधूनच होतो, आरोग्यासारखे थोडे अपवाद सोडले तर. सहा महिन्यांत कोणती भाषा येते हो? दोन नोकऱ्या करणाऱ्या बाईला?

इंग्रजी बोलणाऱ्या जुन्या मॉन्ट्रियलकरांचंही दुखणं खरं आहे. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पाट्या फक्त फ्रेंचमध्येच हव्यात ही सक्ती अभिव्यक्तीच्या हक्काविरुद्ध आहे, फ्रेंच ठळक ठेवा म्हणणं चालेल. रानवारांनी ज्या बुरासांचं कौतुक केलं त्यांनीच काही दिवसांत कलम ३३ वापरून तो निकाल बाजूला सारला. त्यांचे तीन इंग्रजीभाषक मंत्री राजीनामा देऊन बाहेर पडले. मीच लेकबद्दल इंग्रजी कॅनडाचं मन तेव्हाच फिरलं, असं आमच्या इमारतीतल्या आजी सांगतात.

---

कृष्णाकाठ

माहितीपूर्ण धागा. कलम ३३ म्हणजे काय, कुणी सांगेल का?

आणि सीमाभागातला असल्यामुळे एक विचारतो. आपल्या घटनेत कलम ३५० क आहे, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्यानं प्रयत्न करावा असं. 'प्रयत्न करावा' एवढ्यावर आमच्या मराठी शाळा उभ्या आहेत. कॅनडात काय आहे?

---

सुमेधा_ओटावा

कृष्णाकाठ, कलम ३३ म्हणजे विधिमंडळाला दिलेली पळवाट म्हणा की सुरक्षाझडप. हक्कांच्या सनदेतली काही कलमं 'असली तरीही' आमचा कायदा चालेल, असं कायद्यातच लिहायचं. पाच वर्षांनी ते संपतं, पुन्हा लिहावं लागतं. गंमत नाही, पण १९८१ च्या त्याच रात्रीच्या तडजोडीत हे कलम पक्कं झालं. पश्चिमेकडच्या प्रांतांचा त्यासाठी आग्रह होता, आणि सर्वांत जास्त वापरलं ते सही न केलेल्या क्युबेकनं. १९८२ ते १९८५ त्यांनी निषेध म्हणून आपल्या प्रत्येक कायद्याला ते जोडलं होतं. मतदानाच्या आणि भाषेच्या हक्कांना मात्र हे कलम लागत नाही; पाट्यांचा निकाल अभिव्यक्तीच्या हक्कावर होता, म्हणून तिथे चाललं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर कलम २३. क्युबेकबाहेरच्या फ्रेंच आणि क्युबेकमधल्या इंग्रजी पालकांना, पुरेशी मुलं असतील तिथे, सरकारी खर्चानं आपल्या भाषेतली शाळा मिळण्याचा हक्क आहे. १९९० मध्ये आल्बर्टातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आणखी सांगितलं की संख्या असेल तर त्या शाळेचा कारभारही त्या समाजाच्या हाती हवा. इथे 'प्रयत्न' नाही, दावा करता येतो. आज प्रत्येक प्रांतात फ्रेंच शाळामंडळं आहेत ती त्यामुळे.

---

कृष्णाकाठ

आभारी आहे, ताई. शाळेचा कारभार त्या समाजाच्या हाती. हे वाक्य मी दोनदा वाचलं.

---

रानवारा

मीनाताई, तुमचं पहिलं वर्ष वाचून घरातले दिवस आठवले. आमचाही मुलगा त्याच वर्गातून गेला. सहा महिन्यांच्या नियमाबद्दल मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे, तो निर्दय आहे.

शाळेच्या नियमाबद्दल मात्र माझं मत बदललं ते इथला १९६० आधीचा काळ समजून घेतल्यावर. केंद्र सरकारनं १९६३ मध्ये नेमलेल्या आयोगानं उत्पन्नाचे आकडे काढले. क्युबेकमध्येच, जिथे ते पाचात चार होते, फ्रेंच वंशाच्या माणसाची कमाई जवळजवळ तळाला होती. मॉन्ट्रियलमध्ये फक्त इंग्रजी येणारा माणूस दोन्ही भाषा येणाऱ्या फ्रेंच माणसापेक्षा जास्त कमवत होता. कारखान्यात मजूर फ्रेंच, मुकादमाची भाषा इंग्रजी. अशा शहरात बाहेरून आलेला प्रत्येक जण मुलाला कुठल्या शाळेत घालेल? आपण तेच केलं असतं. जननदर घसरत होता, आणि दोन पिढ्यांत मॉन्ट्रियल हातचं गेलं असतं. कायदा १०१ नं ते थांबवलं. आज माझा मुलगा मित्रांशी फ्रेंच बोलतो, आमच्याशी मराठी, आणि इंग्रजी त्याला कुणी न शिकवता आली.

१९९५ बद्दल लिहायचं राहिलं होतं. ३० ऑक्टोबर. नाही ५०.५८ टक्के, हो ४९.४२. मतदान ९३ टक्क्यांहून अधिक. फरक ५४,२८८ मतांचा, आणि बाद मतं सुमारे ८६ हजार. त्या रात्री मुख्यमंत्री झाक पारिझो हरल्यावर म्हणाले की आम्हाला पैशानं आणि 'एथ्निक मतांनी' हरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा जाहीर केला, पण ते शब्द राहिले. ते 'एथ्निक' म्हणजे आपण, मीनाताई. मी तेव्हा इथे नव्हतो, तरी ते वाक्य ऐकलं की अंगावर काटा येतो. या लोकांची बाजू घेणं मला तिथे सर्वांत जड जातं.

---

अभंगवाचक

हे प्रांजळपणे लिहिलंत, आवडलं.

१९९८ चा निकाल सुमेधाताईंनी ओझरता सांगितला, तो माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा कागद आहे. न्यायालय म्हणालं, क्युबेकला एकतर्फी फुटण्याचा हक्क नाही, कॅनडाच्या घटनेत नाही आणि आंतरराष्ट्रीय कायद्यातही नाही. पण स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमतानं होकार आला, तर बाकी देशाला वाटाघाटीला बसावंच लागेल. दोन्ही बाजूंनी त्या दिवशी आपलाच विजय झाला म्हणून सांगितलं. स्पष्ट म्हणजे किती, हा आकडा न्यायालयानं दिला नाही. २००० च्या केंद्रीय कायद्यानंही दिला नाही, ते ठरवायचं काम संसदेकडे ठेवलं.

सही आता कधी होईल असं मला वाटत नाही. मोठ्या घटनाबदलाला किमान सात प्रांत आणि निम्मी लोकसंख्या लागते. १९९६ च्या कायद्यानं त्यावर क्युबेक, ओंटारिओ, ब्रिटिश कोलंबिया, प्रेअरी आणि अटलांटिक या पाचही भागांच्या होकाराची अट चढली. १९९२ मध्ये मीच लेकनंतरचा घटनाबदलाचा दुसरा मसुदा, शार्लटटाउनचा, देशभर सार्वमताला टाकला तर क्युबेकनं तो फार कमी म्हणून नाकारला आणि पश्चिमेनं फार जास्त म्हणून. त्यानंतर कुठल्याही पंतप्रधानानं क्युबेकच्या सहीसाठी असा मोठा घटनाबदल पुन्हा मांडलेला नाही.

---

सुमेधा_ओटावा

अभंगवाचक, एक भर घालते. १९८२ च्या घटनेत कलम ५५ आहे. १८६७ ची मूळ घटना आणि तिच्या जोडीचे जुने कायदे फक्त इंग्रजीत संमत झालेत, त्यांचा अधिकृत फ्रेंच मसुदा शक्य तितक्या लवकर तयार करून मंजूर करावा, असं ते सांगतं. समितीनं तो मसुदा १९९० मध्ये पूर्ण केला. तो अजून मंजूर झालेला नाही. छापील फ्रेंच प्रती सगळीकडे मिळतात, मुलं शाळेत वाचतात, पण कायद्याच्या लेखी मूळ घटनेचा शब्द इंग्रजीच.

---

मीना_के

हे मला माहीत नव्हतं. माझ्या मुलीला आत्ताच वाचून दाखवलं. ती आता कायदा शिकतेय, फ्रेंचमधून. ती म्हणाली, "आई, आम्हाला हे पहिल्याच सत्रात शिकवतात."

---

रानवारा

मीनाताई, तिला सांगा इथे लिहायला. काकांना मी आज धाग्याचा दुवा पाठवला आहे. दिवाळीला ते पुन्हा येणार आहेत.